गस्तीवर निर्णय चुकतायत असं वाटतं, जजमेंट शिकायचं कसं?

नवीन_गस्तवाला

नमस्कार सगळ्यांना. गस्तीवर लागून आठ महिने झाले. कायदा पाठ आहे, हत्यार चालवता येतं, परेड पीटी सगळं रीतसर झालं, पण रस्त्यावर रोज ज्या गोष्टी समोर येतात त्यात काय करायचं आणि काय नाही करायचं हे कोणी शिकवलंच नाही असं वाटतंय. दोन प्रसंग सांगतो.

पहिला. रात्री साडेअकराला कॉल, एका घरातून भांडणाचा आवाज येतोय, शेजाऱ्याने फोन केलेला. मी आणि पार्टनर गेलो, गाडी थेट दारासमोर, वरचा दिवा चालू, मी जाऊन दार बडवलं. माणसाने दार उघडलं तो आधीच तापलेला, मी पण आवाज चढवला, बाहेर ये म्हणलं, तो म्हणाला का येऊ माझं घर आहे, मी दारात पाय घातला, त्याने माझ्या छातीला हात लावून ढकललं आणि मग दोन मिनिटात तो जमिनीवर आणि हातात बेड्या. नंतर कळलं घरात तो एकटाच होता, भावाशी फोनवर पैशांवरून भांडत होता. परत येताना पार्टनर (माझ्यापेक्षा बराच सिनिअर) एवढंच म्हणाला, "आपण गेलो तेव्हा तिथे गुन्हा नव्हता, आपण गेल्यावर झाला." तेव्हापासून झोप नीट नाही.

दुसरा. रात्री दोनला एक पोरगा बंद शटरजवळ बसलेला, पाठीवर सॅक, आमची गाडी बघून मान खाली घातली. मला वाटलं काहीतरी आहे. सगळी सॅक रिकामी करायला लावली, खिसे बघितले, काही नाही. वह्या, चार्जर, एक टॉवेल. तो रडत नव्हता पण वस्तू परत भरताना त्याचे हात थरथरत होते. मी "जा घरी" म्हणून निघालो. कशाला बसला होता तिथे हे विचारलंच नाही.

काही सिनिअर म्हणतात हे अनुभवाने आपोआप येतं, काही म्हणतात मुळातच असावं लागतं. खरं काय? शिकता येतं का हे? ज्यांनी वर्षानुवर्षं गस्त केलीय त्यांनी प्लीज सांगा.

जुना_बीटवाला

२७ वर्ष गस्त आणि बीट केलं, आता निवृत्त. तुझ्या पहिल्या प्रसंगाबद्दल बोलतो कारण तो मी स्वतः तरुणपणी पाच पन्नास वेळा केलाय.

तू दार वाजवायच्या आधीच चार निर्णय घेतलेस आणि त्यातला एकही निर्णय म्हणून घेतला नाहीस. गाडी कुठे लावायची, दिवा चालू ठेवायचा की बंद, दार कसं वाजवायचं, आपण उभं कुठे राहायचं. हे सगळं सवयीने झालं. आणि जिथे तुला वाटतं की निर्णय चुकला, म्हणजे त्याने ढकललं तेव्हा, तिथे खरं तर तुझ्या हातात फार काही उरलंच नव्हतं.

आवाजाच्या कॉलला गाडी दोन तीन घरं अलीकडे थांबव. इंजिन बंद, काच खाली, आणि ऐक. आवाज एकाचा आहे की दोघांचा? रडणं आहे का, काही आपटल्याचं फुटल्याचं ऐकू येतं का, लहान मूल आहे का? अर्ध्या मिनिटात जे कळतं ते नंतर अर्धा तास विचारून कळत नाही. एकाचाच आवाज आणि मधे मधे गप्प होतोय, परत बोलतोय, म्हणजे बहुतेक फोन. तुझ्या केसमध्ये हे रस्त्यावरूनच समजलं असतं रे. मग दार वाजवताना तुझा आवाजच वेगळा आला असता, "सगळं ठीक आहे का, आवाज आला म्हणून शेजाऱ्यांनी कळवलं" एवढं म्हणून तो माणूस कदाचित ओशाळला असता आणि विषय संपला असता. तरी आत कोणी नाही ना हे बघायचंच, एकाचाच आवाज आला म्हणजे दुसरं कोणी नाही असं धरून चालायचं नाही, गप्प बसलेलं माणूसच कधी कधी जास्त अडचणीत असतं. पण बघायला विनंती पण चालते, "एकदा नजर टाकतो आणि निघतो" म्हणलं की बरेच लोक स्वतःहून बाजूला होतात.

दुसरं, कोण बोलणार आणि कोण बघणार हे गाडीतच ठरवा. एक जण बोलतो, दुसरा फक्त हात, खोलीची दारं, घरात आणखी कोण आहे ते बघतो आणि तोंड बंद ठेवतो. दोघं एकदम बोलायला लागले की समोरच्याला कळत नाही कोणाचं ऐकायचं आणि तो कोणाचंच ऐकत नाही, मग आपण म्हणतो हा ऐकत नाही.

आणि तो "का येऊ" म्हणाला ना, तिथे तुला लागलं. खोटं बोलू नकोस स्वतःशी. शब्दाने शब्द वाढतो आणि वर्दी अंगावर असली की आपल्याला वाटतं शेवटचा शब्द आपलाच पाहिजे. लंडनचं पोलीस दल १८२९ ला उभं राहिलं तेव्हा शिपायांना ज्या पहिल्या लेखी सूचना दिल्या त्यातच लिहिलंय की रागावर पूर्ण ताबा यापेक्षा जास्त गरजेचा गुण पोलिसात दुसरा नाही, कोणी काही बोललं धमकावलं तरी हलायचं नाही. जवळपास दोनशे वर्ष झाली, माणसं अजून तिथेच घसरतात. "का येऊ" हा प्रश्न होता, त्याला उत्तर द्यायचं होतं. का यायचं ते सांगायचं होतं.

एक माझा प्रसंग सांगतो मग थांबतो. एक माणूस, घरातले सगळे घाबरून बाहेर आलेले, हा आत स्वयंपाकघरात, हातात सुरी आणि ती स्वतःच्या मनगटावर धरलेली. मी नवीन होतो, मला वाटलं झेप घेऊन हात धरावा. माझ्या सिनिअरने मागून माझा पट्टा धरून मला ओढलं, अक्षरशः ओढलं, आणि जेवायचं टेबल सरकवून मधे आणलं. मग तो टेबलाच्या अलीकडून बोलत बसला. साधं. तुझं नाव काय, किती दिवस झोपला नाहीस. अँब्युलन्स बाहेर येऊन थांबलेली, तिला पण सायरन बंद करून लांब थांबवलेलं. पन्नास मिनिटं गेली. शेवटी त्या माणसाचा हात दुखायला लागला, त्याने सुरी ओट्यावर ठेवली आणि खाली बसला. आम्ही त्याला काही पटवून दिलं असं नाही, आम्ही फक्त त्याला दमायला वेळ दिला. मी झेप घेतली असती तर तो तरी गेला असता नाहीतर मी.

ट्रेनिंगमध्ये तुला २१ फुटांचं सांगितलं असेल. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस ट्यूलर या प्रशिक्षकाने मांडलेलं, की सुरी घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो आणि हत्यार काढून नेम धरायला पण तेवढाच वेळ लागतो. लोकांनी त्याचा नियम करून टाकला की २१ फुटांच्या आत आला की गोळी. मला त्यातून उलटंच समजतं, की अंतर कमी पडायच्या आधी मागे सर, मधे काहीतरी आण, टेबल, गाडी, दार, काहीही. प्रत्येक फूट म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ आहे.

थेट_बोलतो

जुने साहेब, तुमचा मान ठेवून सांगतो, हे सगळं ऐकायला छान आहे पण नवीन पोरांच्या डोक्यात "थांबा, ऐका, वेळ घ्या" एवढंच बसलं तर एखाद्या दिवशी थांबल्यामुळे कोणीतरी मरेल. मी पण १४ वर्ष गाडीवर आहे. दाराआड बाईचा गळा दाबला जातोय आणि तुम्ही बाहेर काच खाली करून ऐकताय, असं होऊ शकतं. गळा दाबला जात असताना आवाज येत नाही, हे लक्षात ठेवा.

१९९९ ला अमेरिकेत कोलंबाईनच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा पहिल्यांदा पोचलेल्या पोलिसांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे बाहेर घेराव घातला आणि स्पेशल टीमची वाट बघितली. त्यानंतर तिकडची शिकवण बदलली, की हल्ला चालू असेल तर जो पहिला पोचेल त्याने आत घुसायचं. आणि एवढं सगळं शिकून सुद्धा २०२२ ला टेक्ससमध्ये युव्हाल्डीच्या शाळेत पोलीस तब्बल ७७ मिनिटं हल्लेखोर असलेल्या वर्गाबाहेर राहिले. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ते पण म्हणत होते की आता तो खोलीत कोंडलेला आहे, घाई नाही. धीर धरणं प्रत्येक वेळी शहाणपण नसतं.

जुना_बीटवाला

@थेट_बोलतो बरोबर बोललात आणि हे मी लिहायला पाहिजे होतं. गळा दाबल्याचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा, आवाज अचानक बंद झाला तर मी पण थांबत नाही.

म्हणून मी स्वतःला नेहमी एकच विचारायचो, आत्ता या मिनिटाला कोणाला इजा होतेय का, किंवा मी थांबलो तर होईल का? उत्तर हो असेल, किंवा "सांगता येत नाही पण खुणा आहेत" असं असेल, तर जायचं, लगेच, आणि जाताना सुद्धा डोळे उघडे ठेवून. उत्तर नाही असेल तर मग घाई कोणाची आहे? माझी की त्याची? गस्तीवरच्या बऱ्याचशा घाया आपल्याच असतात हो. पुढचा कॉल पेंडिंग आहे, शिफ्ट संपत आलीय, लोक जमलेत आणि बघतायत, पार्टनरसमोर मऊ पडल्यासारखं वाटतंय. यातलं एकही कारण समोरच्या माणसाशी संबंधित नाही.

युव्हाल्डीत पण हाच प्रश्न होता आणि उत्तर समोर होतं, आतून मुलं फोन करत होती. त्यांनी प्रश्न विचारला नाही, पहिलं गृहीत धरलेलं तेच धरून बसले. चित्र बदललं की निर्णय परत घ्यावा लागतो, एकदा घेतला की झालं असं नसतं.

नवीन_गस्तवाला

हे वाचून बरंच कळतंय, थँक्यू दोघांनाही. पण दादा, आत कोणाला इजा होतेय का हे मला कळणार कसं, मला तर कंट्रोलकडून एका ओळीत कॉल येतो, "भांडणाचा आवाज, घर अमुक, लवकर जा". त्या एका ओळीवरच डोकं आधी गरम होतं.

कंट्रोल_रूम_ताई

मी गेली ११ वर्ष कंट्रोलला फोन घेते म्हणून या ओळीबद्दल मीच लिहिते.

ती ओळ म्हणजे तिसऱ्या हाताची गोष्ट आहे. शेजाऱ्याला काहीतरी ऐकू आलं, त्याने त्याचा अर्थ लावला, मला घाईत सांगितला, मी तो आमच्या ठरलेल्या शब्दात बसवला, आणि तुला ऐकवला. कॉल करणारा म्हणतो "एक जण मघापासून इकडे तिकडे फिरतोय", मी टाइप करते "संशयित इसम", आणि गाडीत पोचेपर्यंत तो संशयित झालेला असतो. माणूस तोच, फक्त शब्द बदलला. मी आता जाणीवपूर्वक कॉल करणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे सांगायचा प्रयत्न करते पण गर्दीच्या वेळी सुटतं, खोटं कशाला बोलू.

२०१४ ला क्लीव्हलँडमध्ये काय झालं ते आमच्या कामातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं. पार्कमध्ये कोणीतरी पिस्तूल रोखतोय असा फोन आला. फोन करणारा सांगत होता की ते बहुतेक खोटं आहे आणि तो बहुतेक लहान मुलगा आहे. हे दोन्ही गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलंच नाही. गाडी त्या मुलाच्या अगदी जवळ जाऊन थांबली आणि दोन एक सेकंदात गोळी झाडली गेली. १२ वर्षांचा मुलगा आणि हातातली बंदूक खेळण्यातली. बघ त्यात दोन्ही गोष्टी आहेत, आमच्याकडून गाळलेली माहिती, आणि जुने काका म्हणतात तसं गाडी कुठे थांबवली ते. लांब थांबली असती तर हाक मारायला वेळ होता, बघायला वेळ होता.

म्हणून सांगते, रस्त्यात असतानाच परत विचार. आम्हाला राग येत नाही, आणि आला तरी विचार. फोन करणाऱ्याने हे स्वतः बघितलंय की ऐकलंय की कोणी सांगितलंय? तो अजून लाइनवर आहे का? त्याचे नेमके शब्द काय होते? हत्यार असं म्हणाला तर म्हणजे नक्की काय दिसलं? या घरातून आधी कॉल आलेत का? तुझ्या त्या रात्री तू विचारलं असतंस की किती जणांचे आवाज येतायत, तर मी शेजाऱ्याला परत फोन लावून विचारलं असतं, अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

प्रशिक्षण_विभाग

मी काही वर्ष गस्तीवर आणि आता ट्रेनिंगला आहे. "अनुभवाने आपोआप येतं" यावर बोलतो कारण मला हे वाक्य धोक्याचं वाटतं.

गॅरी क्लाइन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८० च्या दशकात आगीच्या बंबावरच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की अनुभवी माणूस चार पर्याय मांडून तुलना करत बसत नाही, त्याला प्रसंग ओळखीचा वाटतो आणि पहिला जो उपाय सुचतो तो मनातल्या मनात चालवून बघतो, जमतोय वाटलं की करतो. म्हणजे आतला आवाज ही खरी गोष्ट आहे. पण नंतर २००९ ला याच क्लाइन यांनी डॅनियल काहनेमान यांच्यासोबत एक लेख लिहिला, आणि काहनेमान म्हणजे अंतर्ज्ञानावर सगळ्यात जास्त शंका घेणारा माणूस. दोघांचं एकमत झालं ते यावर की आतल्या आवाजावर विश्वास दोनच अटींवर ठेवा, एक, त्या कामात काहीतरी नियमितपणा हवा आणि दोन, आपण बरोबर होतो का चूक हे आपल्याला वेळेवर कळत राहिलं पाहिजे.

आता गस्तीचं बघा. आगवाल्याला समोर दिसतं आग विझली का भडकली. आपल्याला काय दिसतं? ज्या पोराची सॅक उघडली त्यात काही नव्हतं तर आपण दहा मिनिटात विसरतो. एकात काही सापडलं तर ते वर्षभर सांगत फिरतो. ज्याला सोडलं त्याचं पुढे काय झालं कळतच नाही. ज्या घरात समजूत घालून आलो तिथे परत मारहाण झाली का, दुसऱ्या शिफ्टला कळलं असेल, आपल्याला नाही. मग वीस वर्षांनी माणूस म्हणतो मला बघताक्षणी कळतं. त्याला कळतं असं त्याला वाटतं, कारण चुकलेलं कधी मोजलंच नाही.

म्हणून मी माझ्या पोरांना खिशात वही ठेवायला लावतो. थांबवायच्या आधी एका ओळीत कारण, दिसलेलं लिहायचं, वाटलेलं नाही. "मान खाली घातली" हे दिसलेलं आहे, "घाबरला" हे वाटलेलं. आणि नंतर काय निघालं ते. तीन महिन्यांनी वही उघडून बसायचं. एकाने बघितलं की "गाडी बघून मान फिरवली" या कारणावर थांबवलेल्यांपैकी एकाकडेही काही निघालं नव्हतं, आणि तो आठ वर्षांचा अनुभवी होता. त्या दिवसापासून त्याने त्या एका कारणावर थांबवणं सोडलं. पोलीस बघून मान फिरवणारे लोक फार असतात रे, नुसता संकोच पण असतो.

आणि तुझा राग, त्याच्यासाठी आधीच ठरवून ठेव. असं झालं तर मी असं करीन. "कोणी मला का विचारलं, तर मी एक श्वास घेऊन कारण सांगीन." नुसतं मी शांत राहीन असं ठरवून उपयोग होत नाही, ऐन वेळी आठवतच नाही. नेमकं वाक्य ठरवून, गाडीत मोठ्याने बोलून बघायचं. आम्ही पार्टनरला शिव्या द्यायला लावून प्रॅक्टिस करतो.

सामान्य_नागरिक

मी पोलीस नाही, पण त्या सॅकवाल्या मुलाच्या जागी मी होतो एकदा, म्हणून लिहितोय. रात्रीची शेवटची गाडी चुकली होती आणि सकाळपर्यंत कुठेतरी बसायचं होतं एवढंच. माझं पण सामान उपसलं, काही मिळालं नाही आणि गाडी निघून गेली. झडतीचा राग दोन दिवसात गेला खरं सांगतो. राग राहिला तो याचा की मला कोणी काही विचारलंच नाही. पुढे काही वर्षांनी एकदा परत थांबवलं, तेव्हा त्या पोलिसाने आधी स्वतःचं नाव सांगितलं, म्हणाला जवळच चोरी झालीय आणि सांगितलेल्या वर्णनात निळी सॅक आहे म्हणून थांबवतोय, तुमचं काय म्हणणं आहे. मी सांगितलं, त्याने ऐकलं, सॅक बघितली, आणि जाताना म्हणाला तुमचा वेळ गेला त्याबद्दल सॉरी. झडती दोन्ही वेळा झाली, पण दुसऱ्या वेळी मी घरी जाऊन कोणाला ते सांगितलं पण नाही.

प्रशिक्षण_विभाग

@सामान्य_नागरिक हे मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असू द्या. टॉम टायलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ ला शिकागोमध्ये लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या त्यात हेच निघालं, की निकाल आपल्या बाजूने लागला का यापेक्षा आपल्याशी नीट वागले का, आपलं ऐकून घेतलं का, यावर लोकांचं पोलिसांबद्दलचं मत जास्त ठरतं. आणि याचा फायदा पुढच्या गस्तवाल्याला मिळतो. तुम्ही ज्याला आज नीट वागवलं तो उद्या दुसऱ्याला खरी माहिती देतो.

नवीन_गस्तवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय कारण नुसतं थँक्यू म्हणायचं नव्हतं.

वही घेतली. अकरा नोंदी झाल्यात. त्यातल्या चार ठिकाणी कारण लिहायला गेलो आणि लिहिण्यासारखं काही सुचेना, मग थांबवलंच नाही, नुसतं गाडी हळू करून "सगळं ठीक ना" विचारलं. एक आजोबा रस्ता चुकले होते, ते त्यामुळेच कळलं, झडतीच्या सुरात विचारलं असतं तर ते बोलले नसते.

परवा परत आवाजाचा कॉल होता. कंट्रोलला विचारलं किती जणांचे आवाज, त्यांनी फोन लावून सांगितलं दोघांचे, आणि एक बाई रडतेय. गाडी अलीकडे लावली, पण थांबलो नाही, चालत चालतच ऐकलं, काहीतरी आपटलं तसे लगेच वर गेलो. पार्टनर बोलला, मी हात बघत होतो. बाईच्या कपाळाला लागलं होतं. नवऱ्याला वेगळ्या खोलीत नेलं, बाईशी एकटीशी बोललो, तिला दवाखान्यात नेलं, त्याला ताब्यात घेतलं. तो पण म्हणाला "का येऊ". मी कारण सांगितलं. माझा आवाज थोडा कापला पण चढला नाही.

तो सॅकवाला मुलगा अजून दिसला नाही. त्या रस्त्याने गेलो की बघतो.

जुने दादा, एक राहिलं, दार वाजवताना उभं कुठे राहायचं ते नीट सांगाल का, मी अजून सवयीने समोरच उभा राहतो.

जुना_बीटवाला

समोर नाही. भिंतीच्या आडोशाला, बाजूला, आणि पार्टनर दुसऱ्या बाजूला थोडा मागे, म्हणजे दार उघडणाऱ्याला दोघं एकदम अंगावर आल्यासारखे वाटत नाहीत आणि तुम्हाला पण मागे सरायला जागा राहते. आधी बघून घे दार आत उघडतं का बाहेर. बॅटरीचा उजेड त्याच्या तोंडावर मारू नकोस, हातांवर ठेव. आणि दाराच्या उंबऱ्यात पाय घालू नकोस, आत कोणाला इजा होत असेल ते सोडून.